केस पेपरवर कडबाकुट्टी लिहिलंय, तरी भरपाई मागता येते

पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, मधलं घरगुती सोडून जसं आहे तसं देतो.

"भाऊ, नमस्कार. माझे मिस्टर वय ३०, सहा वर्षांपासून हायवेवरच्या एका मका आणि खताच्या गोडाऊनला हमालीला जातात. मुकादमामार्फत काम आहे, पोत्यामागे रेट, दर शनिवारी हिशोब, महिन्याला सरासरी चौदा हजार पडायचे. २०२५ च्या जुलैमध्ये थप्पी लावताना पोती वर चढवायच्या बेल्टच्या रोलरमध्ये त्यांचा उजवा हात गेला. अंगठ्याजवळची दोन बोटं मुळापासून गेली, तिसरं वाचलं पण ते वाकत नाही. मुकादमाने दवाखान्यात सांगितलं की घरी कडबाकुट्टीत हात गेला, तेच केस पेपरवर लिहून आलंय. आमच्याकडे गाय नाही म्हैस नाही, कडबाकुट्टी कुठून येणार? शेठने दवाखान्याचं पहिलं बिल भरलं, नंतर पंचवीस हजार दिले आणि पाचशेच्या स्टॅम्पवर यांच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला. त्यात काय लिहिलं होतं आम्हाला वाचून दाखवलं नाही. आता म्हणतो चालू बेल्टमध्ये हात घातला ती तुझी चूक, आणि तू माझा माणूसच नाही, मुकादमाला विचार. मुकादम म्हणतो शेठला विचार. लोकांमध्ये असंही उठवलंय की हे दारू पिऊन कामावर आले होते. गोडाऊनला सगळे मिळून आठ-नऊ जण आहेत, कोणाचाच पीएफ नाही की काही नाही. सासूबाई म्हणतात मोठ्या माणसाशी भांडू नका, केस केली तर ते पंचवीस हजार पण परत मागतील. आते काय करानं, भाऊ?"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते, त्यामुळे थप्पी म्हणजे काय, हुक कसा धरतात, वीस-बावीस पोती उंच रचताना खालच्या माणसाचं लक्ष कुठे असतं आणि वरचा कसा घाई करतो हे मी लहानपणापासून पाहिलंय. आणि अपघात झाला की सगळ्यात आधी गोष्ट कशी बदलली जाते ते मागच्या पंधरा वर्षांत कोर्टात पाहतोय. म्हणून आधी त्या कडबाकुट्टीचंच बोलू, कारण तुम्हाला वाटतंय की कागदावर तसं लिहून आलं म्हणजे आता सगळं संपलं, आणि तसं अजिबात नाहीये.

दवाखान्यात पेशंट आला की डॉक्टर विचारतात काय झालं, जो माणूस सोबत असतो तो सांगतो आणि डॉक्टर ते लिहून घेतात. तो डॉक्टरने स्वतः पाहिलेला अपघात नसतो, ऐकलेली माहिती असते. तुमच्या मिस्टरांचा हात तेव्हा रक्ताने भिजलेल्या टॉवेलात गुंडाळलेला, ते काय सांगणार, मुकादमच बोलला. आता तुम्ही काय करायचं, त्या दवाखान्यात साध्या कागदावर अर्ज द्यायचा की आम्हाला पूर्ण रेकॉर्डच्या कॉप्या हव्यात, नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही, तर भरती करतानाचा फॉर्म, केस पेपर, ऑपरेशनची नोट, एक्स-रे, बिलं सगळं. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असा डॉक्टरांच्या आचारसंहितेत नियमच आहे, त्यामुळे नंतर या म्हणाले तर अर्जावर पोच घेऊन या.

ते कागद हातात आले की बारकाईने बघा. पेशंटला कोणी आणलं त्या रकान्यात कोणाचं नाव आहे? भरतीच्या फॉर्मवर सही कोणाची? माझा अंदाज आहे की मुकादमाची असणार. दुपारची कामाची वेळ असेल, वार कामाचा असेल, आणि माणूस घरी कडबा कापताना जखमी झाला म्हणता तर त्याला बायको आणेल, भाऊ आणेल, शेजारी आणतील, मुकादम गोडाऊनच्या गाडीत घालून कशाला आणेल आणि शेठ बिल कशाला भरेल? शेठने बिल फोनवरून भरलं असेल तर त्याची नोंद दवाखान्यात आणि बँकेत दोन्हीकडे आहे, ती पुसता येत नाही. मग ऑपरेशनच्या नोटमध्ये जखमेचं वर्णन बघा, किंवा वकिलाला दाखवा. कडबाकुट्टीचं पातं कापतं, बेल्टचा रोलर ओढून घेतो आणि चेंगरतो, कातडी सोलून निघते, शेजारचं बोट पण दबतं. तिथे क्रश इंज्युरी, म्हणजे चेंगरल्याची जखम, असं लिहिलेलं असेल तर तेवढ्याने केस सिद्ध होत नाही हे खरं, कडबाकुट्टीतही माणूस चेंगरतो, पण बाकीच्या गोष्टींसोबत त्याचं वजन पडतं. आणि तुम्ही सहज लिहून गेलात ना की आमच्याकडे गाय नाही म्हैस नाही, ते फार मोलाचं आहे. गावच्या पोलीस पाटलांना आणि सरपंचांना सांगा, यांच्या घरी जनावर नाही आणि कडबाकुट्टी नाही असं लेखी द्या. शेजारच्या दोघांनी तेच कोर्टात येऊन सांगितलं तर मुकादमाची गोष्ट तिथेच गळून पडते.

एक मात्र सांगतो, जुन्या केस पेपरवर खाडाखोड करायला डॉक्टरला सांगू नका, कोणाची ओळख असली तरी. मूळ नोंद तशीच राहू द्या, तुमचं म्हणणं वेगळ्या अर्जाने द्या, की माहिती मुकादमाने दिली होती, ती चुकीची आहे, अपघात गोडाऊनमध्ये बेल्टवर झाला.

दारूचं पण इथेच निघतं. पेशंट दारू प्यायलेला असेल तर कॅज्युअल्टीचा डॉक्टर तसं सहसा लिहून ठेवतो, ऑपरेशनच्या आधी भूल देणारा तर विचारतोच. तसं कुठेही लिहिलेलं नसेल तर लोकांत उठवलेल्या गोष्टीला काही किंमत नाही, कारण कायद्यात ही गोष्ट मालकाने सिद्ध करायची असते, तुम्ही नाही.

आता तुमची चूक या मुद्द्यावर येतो, कारण मला दिसतंय की मिस्टरांच्या मनाला तेच लागलंय. हा कायदा १९२३ सालचा आहे, कामगार नुकसानभरपाई कायदा, २०१० पासून त्याला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणतात. तो बनवलाच यासाठी की कामावर जखमी झालेल्या माणसाला मालकाची चूक सिद्ध करत बसावं लागू नये. काम करताना, कामामुळे अपघात झाला, एवढं पुरे. कामगार बेसावध होता, घाईत होता, थकला होता, हे मालकाला वाचवत नाही. मालकाला सुटायला तीनच वाटा आहेत, एक नशा, दुसरी म्हणजे सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम किंवा नियम जाणूनबुजून मोडणं, आणि तिसरी मशीनचं संरक्षण, गार्ड वगैरे माहीत असून मुद्दाम काढून टाकणं. आणि माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर या तीन वाटा पण बंद होतात. तुमच्याकडे त्या बेल्टच्या रोलरवर जाळी होती का हो? मी अशी बरीच गोडाऊनं पाहिलीत, जाळी पहिल्याच सीझनला काढून कोपऱ्यात टाकलेली असते कारण पोत्याची सुतळी अडकते, आणि ती मालकाला विचारल्याशिवाय कोणी काढत नाही. चालू बेल्टमध्ये हात घालू नका असा बोर्ड होता का, कोणी कधी शिकवलं का? बंद करायचं बटण कुठे होतं, हाताच्या अंतरावर की शटरजवळ भिंतीला? हे सगळं मिस्टरांना विचारून एका कागदावर लिहून ठेवा, आज लिहा, दोन वर्षांनी उलटतपासणीत वकील विचारेल तेव्हा बारीकसारीक आठवत नाही.

शेठ म्हणतो माझा माणूस नाही. ताई, याच्यासाठी कायद्यात कलम १२ आहे. जो धंदा शेठचा आहे त्याच धंद्याचं काम मुकादमाकडून करून घेतलं तर भरपाई देताना तो माणूस जणू थेट शेठनेच लावलेला असं धरतात. मका उतरवणं, थप्पी लावणं, खत भरणं हे गोडाऊनवाल्याच्या धंद्याचंच काम आहे, त्याच्या घराला रंग द्यायला आलेला माणूस नाही हा. शेठने आधी द्यायचे, मग मुकादमाकडून वसूल करायचे तर करो, ते त्या दोघांचं. म्हणून अर्जात दोघांनाही सामनेवाले करायचं, शेठ पहिला आणि मुकादम दुसरा. रोजंदारी आहे, हजेरी पत्रक नाही, कागद नाही, पोत्यावर पैसे मिळतात, यातल्या कशानेही हक्क जात नाही. गोडाऊनमध्ये माल हाताळणारा, चढवणारा-उतरवणारा कामगार या कायद्याच्या यादीत स्पष्ट लिहिलेला आहे. आणि गोडाऊन माथाडी मंडळाकडे, म्हणजे हमालांची नोंद ठेवणाऱ्या मंडळाकडे, नोंदलेलं असेल तर तिथे मिस्टरांचं नाव आहे का ते पण बघून घ्या, १९६९ च्या माथाडी कायद्यात नोंदीत हमालालाही ही भरपाई लागू केलेली आहे, शिवाय मंडळात मजुरीची नोंद तयार मिळते.

स्टॅम्पचं ऐका. मी भरपाईचा हक्क सोडतो असा करार कामगाराने लिहून दिला तरी तो कलम १७ प्रमाणे रद्दबातल असतो, मग तो पाचशेचा स्टॅम्प असो नाहीतर सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेला असो. तडजोड करायचीच असेल तर ती भरपाईच्या आयुक्तांकडे, म्हणजे कामगार न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे, नोंदवावी लागते आणि रक्कम कमी वाटली, दमदाटीने किंवा फसवून केलेली वाटली तर आयुक्त नोंदवून घेत नाहीत. न नोंदवलेल्या कागदाच्या भरवशावर शेठला पूर्ण भरपाईतून सुटका नाही. उलट त्या कागदाचा तुम्हाला फायदाच आहे, कारण त्यात अपघाताचा उल्लेख असणार. घरी कडबाकुट्टीत बोटं गेली असती तर शेठ पंचवीस हजार देऊन तक्रार नाही असं कशाला लिहून घेईल? त्याची कॉपी मागा, नाही दिली तर कोर्टातून मागवता येते.

आता पैशाचं, कारण शेठ तुम्हाला पंचवीस हजारात गप्प करतोय ते किती रकमेच्या जागी हे तुम्हाला कळलं पाहिजे. कायमची पूर्ण अपंगता असेल तर महिन्याच्या मजुरीच्या ६० टक्के रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा, असा हिशोब असतो. वय ३० ला तो आकडा २०७.९८ आहे. मजुरी १५,००० च्या वर असेल तरी हिशोबाला १५,०००च धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२० पासून आहे, त्याआधी ८,००० होती. तुमची चौदा हजार, म्हणजे पूर्ण धरायची. १४,००० चे ६० टक्के ८,४००, गुणिले २०७.९८, झाले १७,४७,०३२ रुपये. ही पूर्ण अपंगतेची रक्कम. त्यातले टक्के दुखापतीवर ठरतात, आणि त्याची कायद्यात छापील यादी आहे. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३०, चार गेली तर ५०, नुसता अंगठा गेला तर ३० टक्के. पहिलं बोट एकटं मुळापासून गेलं तर १४, दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९. म्हणून ऑपरेशनच्या नोटमध्ये कुठल्या सांध्यापासून काढलं हे नीट लिहिलंय ना, बघा, एका पेराने पैसे बदलतात.

दोन बोटं मुळापासून म्हणजे २० टक्के, तुमचे झाले ३,४९,४०६ रुपये. आणि आता त्या तिसऱ्या बोटाकडे या. तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिलंत की वाचलं पण वाकत नाही. त्याच यादीच्या शेवटी टीप आहे की अवयव कापला गेला नाही पण पूर्ण आणि कायमचा निकामी झाला तर तो गेल्यासारखाच धरायचा. ते बोट खरंच कायमचं निकामी आहे असं डॉक्टरने तपासून लिहून दिलं तर तीन बोटांचे ३० टक्के होतात, म्हणजे ५,२४,१०९ रुपये. एका न वाकणाऱ्या बोटाचे पावणेदोन लाख. त्यामुळे पुढच्या आठवड्यात जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला जाऊन हाडांच्या डॉक्टरला दाखवा, नवीन एक्स-रे काढा, बोट किती वाकतं, मूठ किती वळते, पकड किती आहे हे लेखी घ्या. डॉक्टरला सांगा की हे पोती उचलणारे आहेत, हुक उजव्या हातात धरतात. कारण कायद्यात प्रश्न असा असतो की कमावण्याची ताकद किती गेली. सुप्रीम कोर्टाचा प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा निकाल सगळे वकील वापरतात, त्यातला माणूस सुतार होता, डावा हात कोपराच्या वरून कापला गेला होता, यादीप्रमाणे टक्के कमी येत होते पण कोर्टाने म्हटलं एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमावण्याची ताकद शंभर टक्के गेली. तुमचे मिस्टर हमाल, उजव्या हाताची पकडच गेली तर ते परत पन्नास किलोचं पोतं उचलणार आहेत का, हा मुद्दा वकिलाने मांडलाच पाहिजे. शंभर टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही, पण वीसच्या वर मागायला जागा आहे.

इथे एक फसगत होते ती आधीच सांगून ठेवतो. सरकारी अपंगत्वाचं जे ऑनलाइन कार्ड निघतं त्याच्यावर कदाचित दहा-बारा टक्केच येतील, कारण तिथे पूर्ण शरीराच्या हिशोबाने मोजतात. शेठचा वकील ते कार्ड नाचवेल. ते माप वेगळं आणि या कायद्याची यादी वेगळी, घाबरू नका. तसंच बँकेतून वीस रुपये कापून जो अपघात विमा असतो तो तुमचा असेल तरी त्यात बोटं बसत नाहीत, पूर्ण हात, पाय किंवा डोळा जावा लागतो, त्यामुळे बँकेच्या चकरा मारण्यात दिवस घालवू नका.

या रकमेवर व्याज आहे, वर्षाला १२ टक्के, आणि सुप्रीम कोर्टाने अपघाताच्या तारखेपासून धरलंय. साडेतीन लाखांवर ते वर्षाला ४२ हजारांच्या जवळ जातं, म्हणजे शेठ जितका टाळेल तितकं वाढेल. कारण नसताना टाळलं तर कोर्ट वर ५० टक्क्यांपर्यंत दंड लावू शकतं आणि तो दंड विमा कंपनी भरत नाही, शेठच्या खिशातून जातो. हा मुद्दा तडजोडीच्या वेळी फार कामाचा, तेव्हा आठवणीत ठेवा. शेठने कामगारांचा विमा काढलाय का ते अर्जातच विचारायचं, असेल तर विमा कंपनीला पण सामनेवाली करायचं, पैसे निघणं सोपं जातं. शिवाय उपचाराचा जो खरा खर्च झाला, ड्रेसिंग, गोळ्या, दुसरं ऑपरेशन लागलं तर ते, हे सगळं भरपाईच्या वेगळं मालकाने द्यायचं असतं. मेडिकलवाल्याच्या चिठ्ठ्या फेकू नका, बिल नाव टाकून घ्या.

आता ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा महामंडळाचं थोडं, कारण जळगाव एमआयडीसीतले, भिवंडीच्या पार्सलच्या गोडाऊनला जाणारे आपले बरेच लोक हे वाचतात. जिथे दहा किंवा जास्त माणसं आहेत, ठिकाण ईएसआयसीच्या हद्दीत आहे (ही हद्दीची अट नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या अपघातांना) आणि पगार २१,००० पर्यंत आहे तिथे साधारणपणे हा वरचा हिशोब लागू होत नाही, तिथे ईएसआयसी देते, बरं होईपर्यंत रोजच्या मजुरीच्या ९० टक्के आणि नंतर मेडिकल बोर्ड जेवढे टक्के ठरवेल तेवढी दरमहा पेन्शन, जन्मभर. ठेकेदाराने पगारातून कापले पण भरलेच नाहीत, किंवा नावच नोंदवलं नाही, तरी अपघाताचा लाभ बुडत नाही, ईएसआयसी नंतर मालकाकडून वसूल करते. दोन्हीकडून मात्र घेता येत नाही. तुम्ही आठ-नऊ लिहिलंय, तरी एकदा बोटं मोजून बघा, दिवाणजी, वॉचमन, गाडीचा ड्रायव्हर, सीझनला येणारे हमाल धरून दहा होतात का. होत असतील तर पहिल्याच भेटीत वकिलाला सांगा, कारण मग रस्ता बदलतो आणि चुकीच्या दारात दोन वर्षं जातात.

अजून एक, हल्ली नवीन कायदा आला नवीन कायदा आला असं लोक म्हणतात. खरं आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ही भरपाई आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. पण तुमचा अपघात जुलैचा, त्या दिवशी जुना कायदा होता, तुमचा हक्क त्याच दिवशी उभा राहिला. कोणी म्हणालं की तो कायदा आता संपला तर ऐकू नका. २१ नोव्हेंबरपासून पुढे ज्यांना अपघात झाला त्यांनी नव्या संहितेप्रमाणे जायचं, ढाचा बराचसा तोच आहे, वर घर ते काम आणि काम ते घर या वाटेवरचा अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, त्यात धरलाय.

जायचं कुठे? आयुक्त शब्द ऐकून लोक कामगार आयुक्तांच्या ऑफिसला जाऊन बसतात. तिथे तक्रार द्या, हरकत नाही, पण भरपाईचा दावा जळगावच्या कामगार न्यायालयात करायचा, तिथले न्यायाधीशच भरपाईचे आयुक्त म्हणून बसतात. मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे तुमची २०२७ च्या जुलैपर्यंत, पण तोपर्यंत थांबू नका, साक्षीदार पांगतात. त्याआधी शेठला आणि मुकादमाला एक साधी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, नाव, पत्ता, कुठल्या तारखेला कुठे कसा अपघात झाला आणि भरपाई द्या, बस एवढंच, पावती जपून ठेवा. आणि जे पोट भरायला बाहेर गेलेत, नंदुरबारचा पोरगा सुरतच्या गोडाऊनला पडला, चोपड्याचा भिवंडीला पडला, त्यांनी लक्षात ठेवा, आपण जिथे राहतो तिथल्या आयुक्तांकडे पण दावा करता येतो, तारखेला सुरत-भिवंडीच्या चकरा मारायची गरज नाही.

वकिलाच्या फीची काळजी तुम्ही पत्रात दुसऱ्या पानावर लिहिलीय. पारोळ्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जळगावला जिल्हा प्राधिकरण, तिथे बाईमाणसाला, आदिवासी आणि अनुसूचित जातीच्या माणसाला, कामगाराला, अपंग व्यक्तीला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे. १५१०० या नंबरवर फोन केला तरी चालतो. खासगी वकील केला आणि त्याने मिळतील त्यातले निम्मे मला असं म्हटलं तर उठून या.

लोकन्यायालयात तडजोड करा म्हणून तुमच्यावर दबाव येईल, आपल्याकडे नात्यातलाच कोणी मध्यस्थ घेऊन शेठ घरी येतो, चहा होतो, दोन लाखात मिटवू म्हणतो. तडजोड वाईट नाही, तुम्हाला पैशाची गरज आहे हे मला कळतं. पण लोकन्यायालयात सही झाली की ती शेवटची, त्यावर अपील नाही. म्हणून तिसऱ्या बोटाचा डॉक्टरचा कागद हातात येईपर्यंत कोणत्याही आकड्याला हो म्हणू नका. कोर्टाने निकाल दिला आणि शेठ हायकोर्टात गेला तर त्याला आधी पूर्ण रक्कम भरावी लागते मगच अपील ऐकतात, त्यामुळे अपीलाच्या धमकीत फारसा दम नाही.

सासूबाईंना सांगा, ते पंचवीस हजार परत द्यायचे नाहीत. ते उपचारासाठी दिले असतील तर भरपाईतून कापताही येत नाहीत, तसं कायद्यात लिहिलंय. भरपाई म्हणून दिले असं शेठने सिद्ध केलं तर फार तर शेवटच्या रकमेतून तेवढे वजा होतील. आणि असं म्हणायचं तर आधी त्याला हे कबूल करावं लागेल की अपघात त्याच्या गोडाऊनमध्ये झाला.

आता एक काम मात्र आजच करा, हे वाचून झालं की लगेच. शनिवारच्या हिशोबाची ती वही, ज्यात मुकादम पोत्यांचे आकडे आणि उचल लिहायचा, ती कोणाकडे आहे? मिस्टरांकडे स्वतःची डायरी असेल तर तिचं पान न पान फोनने फोटो काढून भावाला, बहिणीला पाठवून ठेवा. पोत्यावरची मजुरी असली की मागच्या बारा महिन्यांची एकूण मजुरी भागिले बारा असा हिशोब करतात, चौदा हजार सिद्ध करायला ती वही आणि फोनवर आलेल्या पैशांचे मेसेज हेच तुमच्याकडे आहे. वही मुकादमाकडे असेल तर सोबतच्या हमालांपैकी ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सांगा, जुलैच्या आठवड्याच्या पानाचा फोटो मिळाला तरी खूप. त्या आठवड्यात अपघाताच्या दिवसापर्यंत यांच्या नावापुढे पोती लिहिलेली असतील आणि पुढे मोकळं असेल. ते मोकळं पान मला पाहिजे, ताई.